समोरच्याचा उजवा हात

बटनाला नाव न देण्याचा गुन्हा तुमचा आहे. मोबाइलचं ॲप बनवायचं अवजार विकणाऱ्या साहेब लोकांनो, तुमच्याशीच बोलणं चाललंय. कारंज्यात त्या दिवशी कढईभर बेसनाची पाटोडी वाया जायची वेळ आली आणि एका बापाला चारचौघांत माफी मागावी लागली, ती तुमच्यामुळे.

प्रफुल जन्मापासून आंधळा. प्रोग्रामिंग शिकला ते बापाच्या किराणा दुकानात, तेलाच्या पिंपाला पाठ टेकून. पडद्यावरचं वाचून दाखवणारा आवाज कानात, बोटं कीबोर्डवर. त्याची आई कौशल्याबाई त्या आवाजाला पाहुणाच म्हणायची. "तुह्या पाव्हन्याले चहा पायजे का रे?" चांगले दिवस होते ते. अवजार तेव्हा साधं होतं, सगळं लिहून चालायचं. पाहुणा वाचायचा, प्रफुल लिहायचा, कुणाचं काही अडत नव्हतं.

मग तुम्ही अवजार सुंदर केलंत. तेही नेमकं परीक्षेच्या सकाळी.

परीक्षा म्हणजे अशी की नागपूरच्या कंपनीची अंकिता मॅडम दुपारी सदाशिवरावाच्या ढाब्यावर येणार होती. ट्रकवाल्यांनी वाटेतूनच जेवण सांगायचं ॲप प्रफुलने बनवलं होतं. ते चाललं तर नोकरी पक्की, नाहीतर 'कळवू'. 'कळवू' म्हणजे काय, हे प्रफुलला आधीच बऱ्याच ठिकाणी कळलं होतं.

दोनच बटनं बसवायची राहिली होती. त्याने अवजार उघडलं आणि पाहुणा सुरू झाला, "बटन. बटन. बटन."

"कोनतं बटन?" गल्ल्यावरून वडिलांनी, ताराचंदांनी विचारलं.

"तेच त नाई सांगून राह्यला. नावच नाई देल्लं त्याईनं."

"म्हंजे बारसं न करताच लेकरं गावभर सोडले."

त्यात बटनाचं चित्र माउसने उचलून खणात नेऊन टाकायची नवी तऱ्हा. कीबोर्डला कुणी विचारेना. शेवटी ताराचंद चष्मा पुसत मुलाशेजारी येऊन बसले.

"बाबा, हिरवं चित्र उजव्या खणात टाका. तो खण ऑर्डर पाठवते. लाल डाव्यात टाका. तो रद्द करते."

"सोपं हाये. जन्मभर डबेच त लावले."

खरंच लावले होते. प्रफुल लहानपणी गल्ल्यापुढे गिऱ्हाइकांत उभा राहायचा आणि ताराचंद आतून सांगायचे, "डाव्या हाताले गूळ हाये, उजव्या हाताले खोबरं. काय खातं?" पोराचा हात कधी चुकला नाही. जग त्याला असंच कळलं होतं, वासाने आणि बापाच्या आवाजाने.

"टाकलं," ताराचंद म्हणाले.

प्रफुलने फोन कानाशी धरून तपासलं. उजव्या खणावर बोट नेलं, फोन बोलला, "ऑर्डर पाठवा." डाव्यावर नेलं, "रद्द करा." खणांना नावं प्रफुलने स्वतः दिली होती, तो तुमच्यासारखा नव्हता. त्याने ऑर्डर टाकून पाहिली, तीही गेली. बापलेकांनी खडीसाखर तोंडात टाकली आणि ढाबा गाठला.

तिकडे चंद्रभान नावाचा ट्रकवाला अमरावतीकडून येताना चहाला थांबला होता. त्याने पाटोडी-रस्सा निवडून हिरवं बटन दाबलं. ऑर्डर रद्द. पुन्हा दाबलं, पुन्हा रद्द. तेव्हा डोकं फिरून "नाई जेवत, जा" म्हणत तो लाल बटन कुटत सुटला.

ढाब्यावर सदाशिवरावाचा फोन थांबेचना.

"बायजा, अजून बेसन भिजव," त्याने स्वयंपाकिणीला हाक मारली. "आज पुरी अमरावती इकडंच जेवाले येऊन राह्यली."

आला एकटा चंद्रभान. कढई पाहून म्हणाला, "कोनाचं लगीन हाये?"

"तुह्याच ऑर्डरी हायेत ह्या."

"मी त जेवन नाई पायजे म्हनून लाल बटन दाबलं, भाऊ."

तेवढ्यात अंकिता मॅडम पोचली. तिने हिरवं दाबलं. रद्द. "प्रफुल, हे उलटं चालतंय."

 प्रफुलने आपला फोन काढला, कानाशी धरला आणि "ऑर्डर पाठवा" ऐकू येताच दाबलं. आतून सदाशिवराव ओरडला, "अजून एक प्लेट आली."

"पण तू लाल दाबलंस," मॅडम म्हणाली.

"मले लाल कसं दिसन, मॅडम?"

प्रफुल वडिलांकडे वळला. मग प्रफुलने हळूच विचारलं, "बाबा, उजवा खण कोनता धरला तुमी?"

"उजवाच. स्क्रीन माह्याकडं तोंड करून होती ना. समोरच्याचा उजवा हात म्हंजे आपला डावा. गिऱ्हाईकाले जन्मभर असंच सांगून राह्यलो. तुलेही असंच सांगतलं."

प्रफुलला एकदम गुळाचा वास आला.

ताराचंद हात जोडून उभे राहिले. "मॅडम, चूक माही हाये. पोराचं नाव नका खराब करू."

मॅडमने आपल्या फोनचा वाचून दाखवणारा आवाज सुरू केला, डोळे मिटले आणि ऑर्डर पाठवली. गेली. तिला हसू आवरेना. "डोळे मिटले की ॲप अगदी बरोबर आहे, काका. घोळ फक्त डोळसांचा होतो. प्रफुल, सोमवारपासून कामाला लाग. आणि बाबांना सांग, स्क्रीन म्हणजे गिऱ्हाईक नाही."

"ते ठीक हाये," सदाशिवराव म्हणाला, "पन हे पाटोडी कोन खाईन?" सगळ्यांनीच खाल्ली. चंद्रभान सगळ्यांत जास्त जेवला.

संध्याकाळी दुकानात बसून प्रफुलने तुमच्या नावे सविस्तर तक्रार लिहिली. पाठवायला गेला तर पाहुणा म्हणाला, "बटन. बटन."

"सरक, मी पाहतो," ताराचंद म्हणाले आणि पडद्याला नाक लावून बसले. हल्ली त्यांना बारीक अक्षर नीट दिसत नाही. "दोन हायेत. दोनीही निळे, इंग्रजीत लिवलेले. कोनतं दाबू?"

त्यांनी एक दाबलं. तक्रार गेली की रद्द झाली, देव जाणे. म्हणून हे छापून विचारलंय. ताराचंद आहेत तोवर ठीक. उद्या त्यांची नजर गेली, की दोन निळ्यांतलं कोणतं दाबायचं हे प्रफुलला कोण सांगणार? तुमच्या बटनाचं बारसं कधी करताय? उत्तर द्या.