टोपी फिरली

ब्रिगेडियरसाहेब सत्तेचाळीस साली बोटीनं विलायतेला निघून गेले, पण त्यांची टोपी मेसमधल्या काचेच्या कपाटात राहिली, आणि तेव्हापासून सोनखेड कॅम्पातली गोरी ब्रिगेड त्या टोपीच्या हुकमात आहे. टोपीचं तोंड, म्हणजे तिची पुढची चोच, जिकडे, तिकडे ब्रिगेडनं कूच करायचं, एवढाच नियम. टोपीचं तोंड पहिल्यापासून भिंतीकडे होतं, म्हणून गावाला कधी त्रास झाला नाही. उलट तीन हजार गोरे दर रविवारी मटणाच्या दुकानापुढे शिस्तीत रांग लावतात, याचं गावाला कौतुकच होतं.

गवंडी आळीत यमुनाबाई धोंगडे यांची पिठाची गिरणी आहे. ब्रिगेड मेजर टॉमसन दर आठवड्याला तिथे गव्हाचा डबा घेऊन येत. त्या दिवशी ते आले, पण हातात डबा नव्हता.

"बाई, वाईट बातमी आहे. टोपी फिरली. तुमच्या आळीकडे. उद्या सकाळी ब्रिगेड इथून जाईल."

"जाऊ दे की! रस्ता काय माझ्या बापाचा आहे?"

"रस्त्यानं नाही. सरळ. मधे गिरणी येते."

यमुनाबाईंनी गिरणी बंद केली. नवरा गेल्यापासून त्यांचं घर तिच्यावरच उभं होतं.

"बंद कपाटातली टोपी फिरवली कुणी?"

"टोपी कुणी फिरवत नाही, बाई. टोपी निर्णय घेते."

"काल मेसमध्ये जेवायला कोण होतं?"

"नगरसेवक खैरमोडे," मेजर म्हणाले. "फार सभ्य गृहस्थ. कपाटाचं फार कौतुक केलं त्यांनी."

खैरमोडेंना आळी पाडून तिथं मॉल बांधायचा होता आणि कोर्टानं त्यांना दोनदा हात हलवत परत पाठवलं होतं, हे गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. नगरपालिकेला ठाऊक नव्हतं. टोपीविरुद्ध अपिलाची तरतूद नाही, असं तिथल्या साहेबांनी सांगितलं. पोलीस म्हणाले, हा परराष्ट्र खात्याचा विषय. वर्तमानपत्रात खैरमोडेंच्या वाढदिवसाची पानभर जाहिरात होती, त्यामुळे बातमीला जागा उरली नव्हती. खुद्द खैरमोडे गोड हसले.

"मावशी, टोप्या फिरायच्याच. आमचा जन्म गेला त्यात."

यमुनाबाई थेट मेसमध्ये गेल्या.

"मेजरसाहेब, तुमच्या टोपीच्या वर कोण?"

"मेजर जनरलची टोपी. पण ती विलायतेला गेली."

"वरची टोपी ओळखायची कशी?"

"चोचीवर सोनेरी वेलबुट्टी असते. ब्रिगेडियरला एक ओळ, जनरलला दोन."

"थांबा इथंच."

गिरणीच्या समोर चांदणी ब्रास बँडचं दुकान. मालक हुसेनभाईंनी टोपी काढून दिली, पण बजावलं, "यमुनाताई, संध्याकाळी कासारांची वरात आहे. टोपीशिवाय माझा सूर लागत नाही."

त्या टोपीच्या चोचीवर जरीच्या तीन ओळी होत्या आणि वर लाल तुरा. मेजर टॉमसननी टाचा जुळवून सलाम ठोकला.

"आम्हाला दोन ओळींपर्यंतच शिकवलंय," ते दबक्या आवाजात म्हणाले. "हे साहेब कोण?"

"यांच्या वर कुणी नाही."

"ते दिसतंच आहे."

यमुनाबाईंनी टोपी कपाटावर ठेवली आणि तिचं तोंड भिंतीकडे केलं. गवंडी आळीचं कूच रद्द झालं.

संध्याकाळी त्या टोपी न्यायला आल्या.

"साहेबांना वरातीला जायचंय."

"मग ब्रिगेडला जावंच लागेल," मेजर म्हणाले.

पुढे टोपी घातलेले हुसेनभाई आणि त्यांचा बँड, मागे घोड्यावर नवरदेव, त्याच्या मागे एका ठेक्यात तीन हजार गोरे. नवरीकडच्या बायका म्हणाल्या, माणसं बरीच आणलीत हो! वरात खैरमोडेंच्या नव्या बंगल्याशी आली, तेव्हा यमुनाबाई हुसेनभाईंच्या कानाशी लागल्या.

"इथं एक गाणं होऊ द्या. नगरसेवकांना हौस आहे."

हुसेनभाई दाराकडे तोंड करून उभे राहिले आणि त्यांनी क्लॅरिओनेट उचललं. मेजर टॉमसननी टोपीची चोच कुठे आहे ते पाहिलं. खात्रीसाठी पुन्हा पाहिलं. मग घरातल्या माणसांना अदबीनं बाहेर आणून खुर्च्यांवर बसवण्यात आलं. खैरमोडेंना पहिल्या रांगेत जागा दिली.

"अहो, हे काय चालवलंय?"

"कूच," मेजर म्हणाले.

दुसऱ्या दिवशी मेजर गव्हाचा डबा घेऊन गिरणीत आले. दळण नेहमीसारखंच बारीक हवं होतं. कॅम्पातून स्टेशनला जायला आता सरळ रस्ता झाला आहे. पूर्वी बंगल्याला वळसा पडायचा.