एकशे त्रेचाळीस पट्ट्या

"हात लावू नकोस!" इंजिनियर ओरडला. "ती हिरवी अर्थिंगची आहे."

बायको गरम पातेलं फडक्यात धरून उभी होती. "मग हे ठेवू कुठं? डोक्यावर?"

प्रश्न रास्त होता. गेले चार महिने जेवायच्या टेबलावर जेवण सोडून सगळं होतं. सहाशे बारा पानांचा ढीग, सहा रंगांच्या चिकटपट्ट्या, तीन कात्र्या आणि कोपरं टेकून बसलेला इंजिनियर. घरातली माणसं ताटं मांडीवर घेऊन जेवायला शिकली होती. त्याची आई तर एका हातात वाटी धरून दुसऱ्या हातानं वर्तमानपत्राचं पान उलटायची. आता टेबल मोकळं झालं असतं, तरी कुणाला त्याची फारशी गरज उरली नव्हती.

हे सगळं एका सहीसाठी चाललं होतं. इंजिनियर चौदा वर्षं एका कंपनीत इमारतींच्या वायरिंगचे नकाशे काढत होता. प्रत्येक नकाशाच्या कोपऱ्यात दोन चौकोन असतात. वरच्यावर लिहिलेलं असतं 'तयार केले', खालच्यावर 'मंजूर'. वरच्या चौकोनात सही त्याची. खालच्या चौकोनात सही करायला लायसन्स लागतं, आणि ते साहेबांकडे होतं. साहेब फोनवर बोलता बोलता सह्या करायचे. एकदा तर त्यांनी नकाशा उलटा धरून सही ठोकली आणि तो तसाच मंजूर झाला. ऑफिसात सगळे इंजिनियरला 'वरचा चौकोन' म्हणत, आणि अलीकडे तो त्या हाकेला ओ द्यायला लागला होता. त्याला स्वतःचाच राग येत होता तो याचा.

लायसन्सची परीक्षा पुस्तकं उघडून द्यायची असते. ती सोपी असेल असं ज्यांना वाटतं, त्यांनी ती दिलेली नसते. पहिल्या वेळी इंजिनियर चार पिशव्या भरून पुस्तकं घेऊन गेला आणि शोधता शोधता वेळ संपला. दुसऱ्या वेळी अकराव्या प्रश्नाचं उत्तर त्याला सापडलं, पण चाळिसाव्याचं शोधताना. आता ही तिसरी वेळ. हीही गेली तर नियमानुसार तीन वर्षं थांबायचं.

म्हणून त्यानं या खेपेला शास्त्रशुद्ध तयारी केली. सगळ्याचं सार एका गठ्ठ्यात आणलं आणि पानापानाच्या कडेला पट्टी चिकटवली. हिरवी अर्थिंगची, पिवळी मोटरची, निळी ट्रान्सफॉर्मरची, लाल शॉर्ट सर्किटची, पांढरी महत्त्वाची आणि केशरी अतिमहत्त्वाची. एकूण एकशे त्रेचाळीस पट्ट्या, आणि प्रत्येकीवर बारीक अक्षरात विषय.

बायको ग्रंथालयात नोकरीला होती. तिचा जीव हे बघून तुटायचा.

"अहो, पानांवर आकडे घाला. शेवटी सूची करा. जगात पुस्तकं अशीच शोधतात."

"आकडे कशाला? पट्ट्या आहेत की."

"पट्ट्या निघाल्या तर?"

"सगळ्यात भारी गोंदाच्या आहेत. माणूस निघून जाईल, पट्टी निघायची नाही."

आईची तक्रार वेगळीच होती. "अरे, वॉशिंग मशीनला हात लावला की झिणझिण्या येतात रे."

"बी-ट्वेल्व्ह कमी असेल," इंजिनियर मान वर न करता म्हणाला.

"दोन वर्षं गोळ्या खातेय. झिणझिण्या फक्त मशीनपाशीच येतात."

"परीक्षा झाली की बघतो, आई."

परीक्षेला सुटा कागद चालत नाही, सगळं बांधलेलं लागतं. म्हणून आठ दिवस आधी, शनिवारी सकाळी, गठ्ठा बाइंडरकडे गेला. बाइंडर म्हातारा, कामात पक्का. दुकानात खळीचा वास आणि मधोमध कापायचं मोठं लोखंडी यंत्र. "वरच्यावर नको," इंजिनियरनं बजावलं. "जन्मभर टिकेल असं बांधा."

"माझं बांधलेलं पुस्तक आजवर कुणी फाडू शकलेलं नाही," बाइंडर म्हणाला. ते खरं होतं.

संध्याकाळी पुस्तक तयार झालं. काळं कापडी कव्हर, पाठीवर सोनेरी रेघ, पुढंमागं शोभेची बारा-बारा कोरी पानं. तिन्ही कडा आरशासारख्या गुळगुळीत. इंजिनियरनं त्या गुळगुळीत कडेवरून बोट फिरवलं. मग पुन्हा फिरवलं.

"पट्ट्या?" त्यानं विचारलं.

"त्या होय!" बाइंडर खुलला. "काय तो अवतार होता हो! एका बाजूनं सगळ्या लोंबत होत्या. म्हटलं, एवढं चांगलं पुस्तक असं कसं द्यायचं? एका घावात साफ. आणि नुसतं कडेकडेनं नाही घेतलं, दोन सूत आत घेतलंय. बघा तरी, कशी धार आलीय."

यंत्राखाली रंगीत चुरा पडला होता. इंजिनियर खाली वाकून त्यात काहीतरी शोधायला लागला, तेव्हा बाइंडरनं त्याला प्रेमानं पाणी दिलं.

घरी आल्यावर बायकोनं पुस्तक हातात घेतलं, कडा पाहिली आणि नवऱ्याचा चेहरा पाहिला. 'मी म्हणाले होते' हे वाक्य तिच्या ओठांवर आलं होतं. तिनं ते गिळलं. तेरा वर्षांच्या संसारात तिनं केलेला हा सर्वांत मोठा त्याग होता.

"नव्या पट्ट्या आणा," ती म्हणाली.

इंजिनियर स्टेशनरीच्या तीन दुकानांत गेला. तिन्ही दुकानदारांनी एकच उत्तर दिलं. "संपल्या साहेब. काय झालंय कळत नाही, महिनाभर इंजिनियर लोकच नेताहेत."

रविवारी सकाळी इंजिनियर टेबलापाशी डोकं धरून बसला. सहाशे बारा पानं, एकाही पानावर आकडा नाही, खूण नाही. समोर तीन वर्षं दिसत होती, आणि प्रत्येक वर्षात शेकडो वरचे चौकोन.

"बास झालं," बायको म्हणाली. "पेन आणा. मी आकडे घालते. आई, तुम्ही चष्मा लावा आणि वरचं शीर्षक मोठ्यानं वाचा. अहो, तुम्ही सांगायचं की त्या पानावर नेमकं काय आहे. ते मी मागच्या कोऱ्या पानांवर लिहीन, अक्षरांच्या क्रमानं."

रोज संध्याकाळी घरात हेच सुरू झालं. आई वाचायची, इंजिनियर सांगायचा, बायको लिहायची. चार महिने त्यानं पानांना पट्ट्या लावल्या होत्या, पण पानं वाचली नव्हती, हे त्याच्या तेव्हा लक्षात आलं. आई मात्र प्रत्येक शब्द वाचत होती.

मंगळवारी हॉल तिकिटाची आठवण झाली. कपाट, बॅग, कोटाचे खिसे, फ्रिजची मागची बाजू, सगळं पालथं घातलं. सापडेना.

"ठेवलं कुठं होतं?" बायकोनं विचारलं.

"हरवू नये म्हणून चांगल्या ठिकाणी ठेवलं होतं."

"झालं तर मग. आता कुणाला सापडायचं नाही ते."

दुसरं मिळायला दहा दिवस लागतात, असं फोनवर कळलं. परीक्षा पाच दिवसांवर होती. तरीही बायकोनं वाचन थांबवू दिलं नाही. बुधवारी तीनशे सत्त्याऐंशीवरून आईनं पान उलटलं आणि ती थबकली.

"अरे, हे तुझंच नाव आहे. फोटोपण आहे. एक कान नाहीये फक्त."

हॉल तिकीट गठ्ठ्यात खोचलेलं होतं. बाइंडरनं ते इमानानं शिवलं होतं आणि कड साफ करताना इंजिनियरचा डावा कान उडवला होता. ओढून बघितलं, हलेना. बाइंडरचा शब्द खरा ठरला होता.

"मागे बारीक अक्षरात सूचना आहेत," आई म्हणाली. "वाचू का?"

"दरवेळी त्याच असतात गं," इंजिनियर म्हणाला. "आकडा घाला आणि पुढं चला." बायकोनं त्याच्या फोटोखाली '३८८' लिहिलं.

गुरुवारी अर्थिंग आलं. आईनं दोन पानं वाचली, चष्मा काढला आणि लेकाकडे बघितलं.

"इथं लिहिलंय, यंत्राच्या पत्र्याला हात लावल्यावर झिणझिण्या आल्या तर अर्थिंगची वायर तुटलेली किंवा जोडायची राहिलेली असते."

"हं."

"आपल्या मशीनचा प्लग कुणी बसवला?"

इंजिनियरनंच बसवला होता, दोन वर्षांपूर्वी. एक स्क्रू सापडला नव्हता. म्हणून त्यानं हिरवी वायर तात्पुरती आत दुमडून ठेवली होती आणि नंतर लावू म्हटलं होतं. त्या वायरवर त्याच्याकडे एकतीस हिरव्या पट्ट्या होत्या, याला दिव्याखाली अंधार नाही तर काय म्हणायचं?

"परीक्षा झाली की पहिलं काम तेच," तो पुटपुटला.

"गोळ्या बंद," आई म्हणाली. ती उठली, स्वयंपाकघरातून लाकडी चमचा घेऊन आली आणि त्या दिवसापासून मशीनची बटणं त्या चमच्यानं दाबायला लागली. कोरड्या लाकडातून वीज जात नाही, हे तिनं पान एकशे नव्वदवर वाचलं होतं. "आणि सूनबाई, सूचीत झ मध्ये लिही. झिणझिण्या, पान चारशे सतरा."

"आई, असं लिहीत नाहीत! त्याला शास्त्रीय शब्द आहे."

"तो तुला येतो. मला झिणझिण्या येतात. तू लिही गं."

सुनेनं सासूचं ऐकलं.

रविवारी परीक्षा केंद्राच्या दारात ही गर्दी. रांग जागची हलत नव्हती. दाराशी टेबल, टेबलाशी चष्मेवाल्या पर्यवेक्षक बाई आणि टेबलाखाली प्लास्टिकची भली मोठी बादली. बाई प्रत्येकाला तेच सांगत होत्या.

"चिकटवलेली पट्टी, चिठ्ठी काही चालणार नाही. लोक पट्ट्यांवर उत्तरं लिहून आणतात. काढा सगळ्या. हॉल तिकिटाच्या मागे छापलंय, या वर्षीपासूनचा नियम आहे."

बादली निम्म्याहून जास्त भरली होती. हिरव्या, पिवळ्या, लाल पट्ट्या. चांगली शिकलेली, पोराबाळांची माणसं भिंतीला टेकून नखांनी पट्ट्या खरवडत होती. एकजण तर रडवेला होऊन म्हणत होता, "बाई, भारी गोंदाच्या आहेत हो, पान फाटतंय."

इंजिनियरची पाळी आली. बाईंनी पुस्तक घेतलं, आडवं धरलं, उभं धरलं. गुळगुळीत कडेवरून त्यांचं बोट फिरलं.

"तुमच्या पट्ट्या?"

"कापून टाकल्या," इंजिनियर म्हणाला. ते खोटं नव्हतं.

"शाबास! सकाळपासून सूचना वाचून आलेला पहिला माणूस बघतेय. हॉल तिकीट?"

इंजिनियरनं पान तीनशे अठ्ठ्याऐंशी उघडलं.

बाईंनी चष्मा वर केला. "हे पुस्तकात शिवलंय?"

"सुटा कागद चालत नाही ना," इंजिनियरच्या तोंडून कसंबसं निघालं.

बाईंनी त्याच्याकडे आदरानं पाहिलं. मग त्यांनी फोटो पाहिला, त्याचा डावा कान पाहिला, पुन्हा फोटो पाहिला आणि पानावर शिक्का मारला. "जा. शिस्त असावी तर अशी."

आत वर्गात सगळीकडे पानांची फडफड चालली होती. आपली पुस्तकं लोकांना परकी झाली होती. इंजिनियर मात्र प्रश्न वाचायचा, सूचीत बोट फिरवायचा आणि पान उघडायचा. बऱ्याचदा तेही लागत नव्हतं, आईचा वाचतानाचा आवाजच कानात यायचा. शेवटच्या तासाला एक प्रश्न आला. घरातल्या यंत्राच्या पत्र्याला हात लावल्यावर माणसाला सौम्य धक्का जाणवतो, तर दोष कोणता आणि धोका किती? एवढं साधं, पण तो शास्त्रीय शब्द काही त्याला आठवेना. त्यानं ग पाहिला, ध पाहिला. घड्याळ पुढं सरकत होतं. मग त्यानं गुपचूप झ काढला.

पान चारशे सतरावर धोक्याचे आकडे होते. ते उतरवताना त्याचा हात थांबला. त्याची आई दोन वर्षं ओल्या हातांनी त्या मशीनपाशी उभी राहत होती आणि तो तिला गोळ्या खायला सांगत होता. त्याला फार लाज वाटली. उत्तर त्यानं पूर्ण लिहिलं, पण घरी आल्यावर बूट न काढता तो आधी मशीनपाशी गेला. हिरवी वायर घट्ट बसवली, मीटर लावून तपासली. "झालं, आई. आता हातानं दाब."

आईनं लाकडी चमच्यानंच बटण दाबलं. "तुझ्याकडे लायसन्स कुठं आहे अजून?"

दोन महिने तो चमचा मशीनवरच राहिला. जेवण पुन्हा टेबलावर सुरू झालं, पण सगळ्यांना मांडीवरच्या ताटाची सवय झाल्यामुळे पहिले काही दिवस जरा अवघडच गेले. मग एका दुपारी पाकीट आलं. इंजिनियर पास झाला होता. बायकोनं पत्र दोनदा वाचलं, त्याच्या पाठीत एक धपाटा घातला आणि मगच दोन महिने गिळून ठेवलेलं वाक्य सोडलं. "मी म्हणाले होते, सूची करा!"

आई आतून एक कागद घेऊन आली. त्यावर तिनं पट्टीनं दोन चौकोन आखले होते. वरच्यावर लिहिलं होतं 'चूक शोधली' आणि त्यात तिची स्वतःची वळणदार सही होती. खालच्यावर लिहिलं होतं 'मंजूर'. तो रिकामा होता.

इंजिनियरला एकदम भरून आलं. त्यानं खिशातलं पेन काढलं.

"थांब," आई म्हणाली. "न बघता सही करायची नाही. तुझ्या साहेबासारखं नको."

तो मशीनपाशी गेला. मशीन चालू केलं, हात ओला केला आणि तळवा पत्र्यावर नीट टेकवला. आई, बायको दोघी बघत होत्या. काही झालं नाही. मग मशीनवरच कागद ठेवून, चौदा वर्षांत पहिल्यांदा, त्यानं खालच्या चौकोनात सही केली.

आईनं कागद चष्म्यापाशी धरून सही सरळ आहे ना ते पाहिलं. मग मशीनवरचा लाकडी चमचा उचलला आणि स्वयंपाकघरात त्याच्या जागेवर ठेवून आली.