अगाथोक्लिस, तीनदा हवेत

तीन दिवस! तीन दिवसांत मी पोराला एकट्याने झोपायला शिकवणार होते. चौथ्या दिवशी शेजारणी माझ्याकडे शिकवणीला येणार, अशा तोऱ्यात मी नवऱ्याला हे सांगितलं.

"आणि रडला तर?" थ्रासोस म्हणाला.

"रडेल. रडून दमेल. दमून झोपेल. यात न कळण्यासारखं काय आहे?"

त्याला बरंच काही कळलं नव्हतं. पण सात महिन्यांत तोही सलग दोन तास झोपला नव्हता, वाद घालायला ताकद कुठून आणणार?

मी ग्रीसमध्ये, पिरेयस बंदराच्या गावात ट्रॉलीबस चालवते. त्याआधीच्या मंगळवारी साठ माणसं घेऊन मी लाल सिग्नल ओलांडला. डोळे उघडे होते, मी आत नव्हते. मागून एक म्हातारा ओरडला, "अगं बाई, एवढी घाई असेल तर टॅक्सी कर!" सगळे हसले. मी घरी येऊन ओकले. कारण माझ्या भावाला, मिल्तोसला, ज्या ट्रकने उडवलं त्याचा ड्रायव्हर झोपला होता. त्या माणसाला मी आठ वर्षं शिव्या घालतेय. आता त्याच्याच पंगतीला माझं पान मांडलेलं दिसत होतं.

लोक म्हणतात, रडू देणं हा क्रूरपणा आहे. कोण म्हणतं? जे रात्रभर घोरतात ते! पोराच्या मनावर म्हणे ओरखडा उठतो. आणि ट्रॉलीखाली येणाऱ्याच्या अंगावर काय उठतं, गुलाब? मलाही आठ दिवस ठरवता येत नव्हतं. सिग्नलने ठरवलं.

पोराचं नाव सांगत नाही, कारण ते नव्हतंच. आमच्यात बाप्तिस्मा होईपर्यंत पोर म्हणजे नुसता 'बेबी'. सप्टेंबरात भावाचं पूर्ण नाव ठेवायचं, मिल्तियादिस, लाडाने मिल्तोस, हे मी थ्रासोसकडून सहा महिने भांडून कबूल करून घेतलं होतं. रिवाजाने पहिल्या मुलाला बापाच्या बापाचं नाव लागतं. म्हणजे माझ्या वारलेल्या सासऱ्याचं, अगाथोक्लिस. दोन मजले वर राहणाऱ्या सासूबाईंना हा बदल सांगायचं काम थ्रासोस "बघतो" म्हणाला होता. तो अजून बघतच होता.

आता माझी हुशारी ऐका. सुरुवात मी दुपारच्या झोपेपासून केली. उन्हाळ्यात तीन ते साडेपाच आमच्याकडे कायद्याने शांतता. म्हटलं, अख्खी इमारत झडपा लावून झोपलेली, ऐकणार कोण? अहो, शांततेच्या वेळी शांतता असते, हे माझ्या नासलेल्या डोक्यात आलंच नाही!

तीन वाजता बेबीचा मुका घेतला, पाळण्यात ठेवला, दार ओढलं. थ्रासोसला स्वयंपाकघरात घड्याळासमोर बसवलं. "कुणीही आलं तरी दार उघडायचं नाही. तुझी आई आली तरी!" मग कानात कापूस कोंबून, शॉवर सोडून मी न्हाणीघरात बसले. तरी तो ऐकू येत होता. बंदरातल्या बोटींनी भोंगे काढून ठेवावेत, असा रडत होता.

पुढचं मला नंतर कळलं. खालच्यांनी झाडूच्या दांड्याने छत ठोकलं. समोरच्या बाल्कनीतून कुणीतरी विचारलं, "पोराला सोलताय काय?" आणि कुणीतरी, देव त्याचं भलं न करो, पोलिसांना फोन केला.

सासूबाईंनी घंटा वाजवली. थ्रासोस हुकमाप्रमाणे गप्प. "थ्रासो! सूनबाई!" गप्प. आत पोर किंचाळतंय, पाणी वाहतंय, ओ कुणी देत नाही. आम्ही दोघं मेलो असं समजून त्यांनी स्वतःच्या किल्लीने दार उघडलं आणि ते तसंच टाकून पाळणा गाठला. नेमका तेव्हाच बेबीने श्वास धरला. संतापला की तो तसंच करतो, निळा पडतो, मग दुप्पट रडतो. सासूबाईंनी फक्त निळा पाहिला.

बिनबाप्तिस्म्याचं पोर मरायला टेकलं आणि पाद्री हाताशी नसला, तर कुणीही ख्रिस्ती माणसाने त्याला तीनदा हवेत उचलायचं आणि नाव घ्यायचं, की झाला बाप्तिस्मा. सासूबाईंना हे कॉफी उकळण्याइतकं पाठ!

इकडे रडणं अचानक थांबलं. मी कापूस फेकून धावले. "झोपला! जिंकले!"

बघते तर बाल्कनीचं दार सताड उघडं, त्यासमोर सासूबाई, त्यांच्या डोक्यावर उचललेलं माझं पोर, आणि मागे एक तरुण पोलीस हात जोडून, "आजी, खाली ठेवा त्याला! तुम्ही म्हणाल ते करू!"

"देवाचा सेवक अगाथोक्लिस!" सासूबाई तिसऱ्यांदा गरजल्या.

बेबीने श्वास घेतला आणि खुदकन हसला.

"जगला! नाव मिळालं आणि जगला!"

"आई, तो मरत नव्हता! मी त्याला झोपायला शिकवत होते!"

"अस्सं? मग चालायला कसं शिकवणार आहेस, जिन्यावरून ढकलून?"

पोलिसाने वही काढली. "शांततेच्या वेळेत आवाज. मुलाचं नाव?"

"मिल्तियादिस!" मी.

"अगाथोक्लिस," सासूबाई.

पोलिसाने थ्रासोसकडे पाहिलं. थ्रासोसने घड्याळाकडे. "एकवीस मिनिटं," तो म्हणाला.

पोलिसाने अगाथोक्लिस लिहिलं. त्याने स्वतःच्या कानांनी ऐकलं होतं.

संध्याकाळी पाद्र्यांना फोन केला. "पोरी, दिलेलं नाव मी पुसत नाही," ते म्हणाले. "पोर मरत नव्हतं, माझी चूक झाली, असं आजीने सांगितलं तर हे सगळं झालंच नाही असं धरीन."

मी फोन सासूबाईंपुढे धरला. त्यांनी तो हाताने झाकला.

"सांगते की! चूक झाली म्हणते. मग मिल्तियादिस तुझा, त्याचं रडणं तुझं, मी माझ्या घरी. पण अगाथोक्लिस असेल तर रोज रात्री तो माझ्याकडे वर झोपेल. माझ्या नवऱ्याच्या नावाला मी रडू देणार नाही."

भिंतीवर मिल्तोसचा फोटो हसत होता. फोटोत सगळेच हसतात. पहाटे पाच चाळीसची फेरी माझी होती.

"बाटल्या फ्रिजच्या दारात आहेत," मी म्हणाले.

त्या दिवसापासून मी झोपते. माझी आई म्हणते, भावाचं नाव विकलंस. विकलं! वाईट एवढंच वाटतं की तेव्हा डोकं ठिकाणावर असतं, तर दुपारची झोपही सौद्यात घातली असती.