सुताराच्या घरचं दार

लेक म्हणते, बाबा, तुम्हीच लिहा. माझी शाळा चौथीत सुटली, आणि स्वतःची शोभा स्वतःच्या हाताने करायची हौस मला नाही. पण ती पिच्छा सोडत नाही, म्हणून लिहितो.

लेक आणि जावई यांचा रॉक बँड आहे. हसवणारी गाणी करतात. ड्रम बडवायला एक पोस्टमन येतो. (पत्रं कधी वाटतो देव जाणे.) पहिला अल्बम आमच्याच घरात, भिंतींना गाद्या टेकवून चालला होता.

एकदा तालीम चालू असताना मी बाहेरून ऐकलं. गाणं असं, की सुतारबुवा गावभर दारं बसवत हिंडतो आणि त्याच्याच घरचं दार वीस वर्षं कुरकुरतं. मग आमचं स्वयंपाकघराचं दार खरोखरच कुरकुरलं आणि पोस्टमन हसून लोळला.

पन्नास वर्षं रंधा मारला मी. मान खाली गेली. हा उद्योग जावयाचाच, दुसऱ्या कुणाचा असणार? त्या दिवसापासून त्याच्याशी बोलणं बंद. दुसऱ्या दिवशी घरात कुणी नसताना बिजागऱ्या काढल्या, घासल्या, तेल पाजलं, दार तासून बसवलं.

संध्याकाळी गाण्यात दाराची कुरकुर घ्यायची म्हणून लेकीने माइक लावून दार ढकललं. आवाज नाही. पुन्हा ढकललं. नाहीच.

"हवा बदलली असेल," मी म्हणालो. (तेलाची बाटली अजून हातातच होती.)

ती रागावली असती तर बरं झालं असतं. ती नुसती खाली बसली. "बाबा, एवढं एकच गाणं राहिलं होतं. माइक उद्या सकाळी परत द्यायचाय."

मेल्याहून मेल्यासारखं झालं. बिजागऱ्यांत राख भरली, वाळू भरली. दार हूं की चूं करेना. जन्मात इतकं चोख काम पहिल्यांदाच झालं, तेही नको तेव्हा. शेवटी गादीआड उभा राहिलो आणि तोंडानेच कुरकुरलो. पहिल्याच खेपेला जमलं.

"जमणारच," आमची ही आतून म्हणाली, "रोजचा सराव आहे त्यांचा."

अल्बम आला. शेजारीपाजारी सांगतात, बाकी गाणी ठीक, दार मात्र सुरेख वाजलंय. कव्हरवर छापलंय, 'दार : बाबा'. महिनाभराच्या अबोल्यानंतर जावयाने गुपचूप त्याच्या वरच्या ओळीवर बोट ठेवलं. 'शब्द : आई.'

जावयाची माफी मी मागितली. माझी मागायची राहिलीय ती आमच्या हिने.