दाजीकाकांच्या रायफलीचे कान

आमचे दाजीकाका रायफल चालवत नाहीत, घासतात. रत्नागिरीजवळ पावस गावात आमच्या बागेला लागूनच त्यांची बाग. सकाळची पूजा आटोपली की वडिलांची रायफल मांडीवर घेऊन ओटीवर बसायचं. देवाला पाच मिनिटं, रायफलीला अख्खी सकाळ.

पिकाच्या संरक्षणासाठी परवाना मिळालेली वाडीतली ही एकमेव बंदूक. संरक्षण माकडांपासून. ती हापूसचा एक चावा घेतात, नापसंत करतात आणि दुसरा तोडतात. त्यांना मारायचं नाही. हवेत एक बार काढला तरी टोळी हंगामभर फिरकत नाही. तेवढ्या एका बारासाठी मी काकांच्या ओटीवर चकरा मारत होतो.

"कान टेकले नाहीत अजून," काका म्हणायचे.

रायफलीच्या बोल्टला पुढे दोन कान असतात. बोल्ट फिरवला की ते आतल्या खाचांत अडकतात आणि बाराचा धक्का पेलतात. दोन्ही सारखे टेकायला हवेत, हे काकांचं अध्यात्म. त्यासाठी मिरकरवाडा बंदरात मासेमारीच्या लाँचच्या इंजिनाचे व्हॉल्व्ह घासायला वापरतात ती पेस्ट कानांना लावायची, बोल्ट वरखाली फिरवायचा, पुसायचा, मग निळी शाई लावून ती कुठे खरवडली जाते ते भिंगातून बघायचं. आणि पुन्हा पेस्ट.

"काका, एक बार काढा. सगळी बाग खाल्ली त्यांनी."

"आणि एकाच कानावर भार आला म्हणजे? कसली घाई लागल्ये मेल्या?"

खरंच, घाई कसली? माकडं कौलांवर बसून आमचंच पीक खात होती, एवढंच.

यंदा मोहोर आधीच कमी. जे धरलं तेही गेलं असतं तर मला बाग व्यापाऱ्याला कराराने देऊन टाकावी लागली असती. शेवटी काकांना रायफलीसकट गाडीत घातलं आणि रत्नागिरीला बंदुका दुरुस्त करणाऱ्याकडे नेलं. त्याने मापं घेतली आणि कपाळाला हात लावला.

"कान टेकलेत छान. पण इतके घासलेत की बोल्ट मागे सरकलाय, काडतुसाला मागून आधारच नाही. आता बार काढलात तर माकडं राहतील, तुम्ही जाल."

परतताना माझ्या डोक्यात नुसता जाळ. वाडीतली एकुलती एक बंदूक या माणसाने हाताने घासून संपवली होती. काका मात्र खिडकीबाहेर बघत बसले होते. घरी पोचल्यावर मी विचारलंच, "तुम्हाला कळलं नाही कधी थांबायचं ते?"

"कळलं होतं की. दोन वर्षांमागेच टेकले कान."

"मग बार का नाही काढलात?"

"गेली असती रे माकडं सगळी."

"जायलाच हवी होती ना काका?"

काका पायरीवर बसले. "तुझी काकू गेली. मुलगे मे महिन्यात येतात, पेट्या भरतात, जातात. मग या घरात येतं कोण?"

समोरच्या कलमावरून अर्धा आंबा धपकन खाली पडला.

"बघ, अर्धाच खाल्लान," काका म्हणाले. "त्या थोट्या माकडाची खोडच आहे ती. चहा टाकतो, बस जरा."

मला बागेत राखणीला जायचं होतं. बसलो.