शून्य चुकांचं बटण

"माणसाच्या निम्म्या कटकटी जास्तीच्या बटणांमुळे होतात, आणि उरलेल्या निम्म्या, कुठलं बटण कशाचं ते आठवत नाही म्हणून!" हे वाक्य एककलमी दर सोमवारच्या बैठकीत टेबलावर मूठ आपटून म्हणत. खरं नाव त्यांच्या पगाराच्या कागदावर होतं. बाकी सगळ्या कंपनीत ते एककलमीच होते, कारण दोन वर्षं त्यांच्या तोंडी एकच कलम होतं : साधेपणा!

कंपनी घरगुती विजेची उपकरणं बनवायची. खालच्या मजल्यावरच्या खात्याने घरातली सगळी यंत्रं चालवायला चोवीस बटणांची एक पाटी तयार केली होती. ती नुसती दिसली तरी एककलमींच्या कपाळाची शीर उडायची. त्यांनी स्वतः, चार सहकाऱ्यांना हाताशी धरून, दोन वर्षं राबून, अख्खं घर चालवणारं एकच बटण बनवलं होतं. पांढरं, गोल, गुळगुळीत! त्यावर अक्षर नाही, खूण नाही, काही नाही.

आता ते चालवायचं कसं? अगदी सोपं! एकदा दाबलं की दिवा. दोनदा दाबलं की पंखा. तीनदा दाबलं की दाराचं कुलूप. चारदा दाबलं की न्हाणीघरातला फवारा. पाचदा दाबलं की टीव्ही. दाबून धरलं की अख्खं घर झोपतं, म्हणजे सगळं बंद आणि सगळ्या दारांना कुलूप. झोपलेलं घर उठवायचं असेल तर सात वेळा दाबायचं. हे लक्षात राहावं म्हणून सोबत बावीस पानांची माहितीपुस्तिका होती, एवढंच.

महिन्यापूर्वी एककलमींनी हे बटण स्वतःच्याच घरात बसवलं. वायरमनला बोलावून भिंतींवरचे सगळे स्विचबोर्ड काढून घेतले आणि वरून गिलावा केला. दारांच्या कड्यासुद्धा काढल्या, कारण कडी म्हणजे तरी दुसरं काय, जास्तीचं बटणच! खोलीगणिक एक पांढरं बटण लागलं, पण आत सगळ्यांची मोजणी एकच ठेवली होती. घर एक, बटण एक, मोजणीही एक! या कल्पनेवर एककलमी इतके खूश होते की त्या दिवशी ते जेवताना एकटेच हसत होते.

त्यांची बायको शाळेत गणित शिकवायची. तिने सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"म्हणजे दिव्याच्या वेळी पाढे म्हणायचे, असंच ना?"

"अगं, सवय होईल!"

"सवय तर काय, दाढदुखीचीही होते," असं म्हणून ती वह्या तपासायला बसली.

तिच्या चुका होत. एककलमींच्या स्वतःच्याही होत. पंखा लावायला गेलं की टीव्ही बोंबलायचा, टीव्ही बंद करायला गेलं की आपण आत कोंडले जायचो. प्रत्येक चुकीची नोंद एककलमींच्या मोबाइलवर व्हायची. पण त्याच नोंदीत एक सोन्यासारखी ओळ होती. आईच्या खोलीत महिन्याभरात शून्य चुका! त्र्याहत्तर वर्षांची आई आणि एकही चूक नाही! एककलमींनी तो आकडा मोठा करून छापला आणि मोठ्या साहेबांसमोर नेऊन ठेवला.

मोठ्या साहेबांनी चष्मा वर केला. "शून्य?"

"शून्य, साहेब!"

"मग शनिवारी संध्याकाळी मी आणि मंडळी तुमच्याकडे चहाला येतो. प्रत्यक्षच बघू. आईंना जमत असेल तर सोमवारी तुमचं बटण कारखान्यात जाईल. नाहीतर खालच्या मजल्याची पाटी जाईल, आणि तुमच्या चौघांना मी त्यांच्या हाताखाली देईन. कबूल?"

"कबूल, साहेब! घोडामैदान जवळच आहे!" एककलमी म्हणाले. घोडा कोण आणि मैदान कुणाचं, याचा विचार त्यांनी केला नाही.

शनिवारी दुपारभर घरात तालीम झाली. बायकोला पंखा दिला. दिवा एककलमींनी स्वतःकडे ठेवला. आईला म्हणाले, "आई, तू काही करू नकोस. साहेबांनी विचारलं तर तुला कसं वाटतं ते फक्त सांग."

"चांगलंच सांगेन रे," आई म्हणाली. "तुझं काम आहे, मला कळतं ना."

साहेब आणि बाईसाहेब बरोबर सहाला आले. बाहेर अंधारून आलं होतं. एककलमींनी बटण एकदा दाबलं. दिवा लागला! बाईसाहेबांनी टाळ्या वाजवल्या, साहेबांनी मान डोलावली. झालं, बाजी मारली म्हणून एककलमींची छाती वीतभर फुगली.

"हात धुऊन येतो," असं म्हणून साहेब न्हाणीघरात गेले आणि त्यांनी मागे दार ओढून घेतलं.

इकडे बाईसाहेबांना उकडत होतं. बायकोने नेमून दिल्याप्रमाणे पंख्यासाठी दोनदा बटण दाबलं. त्याच क्षणी आत साहेबांनी दिव्यासाठी एकदा दाबलं. मोजणी एकच! दोन आणि एक तीन झाले, आणि न्हाणीघराच्या दाराला खट्कन कुलूप लागलं.

"एककलमी!" आतून आवाज आला. "दिवा लागत नाहीये, आणि दार उघडत नाहीये!"

एककलमींच्या तोंडचं पाणी पळालं. ते दाराला चिकटून ओरडले, "काही नाही साहेब! अगदी सोपं आहे! तीनदा दाबा! मोजून!"

"एक!" आतून साहेबांचा आवाज आला. "दोन!"

आईला राहवलं नाही. एवढा मोठा माणूस आपल्या घरी अंधारात अडकलाय, आणि आपण नुसतं बसायचं? ती उठली आणि तिने हातभार म्हणून बैठकीतलं बटण एकदा दाबलं.

"तीन!" साहेब म्हणाले.

त्यांचे तीन आणि आईचा एक, चार! गार पाण्याचा फवारा साहेबांच्या डोक्यावर कोसळला.

"अरे पाणी! पाणी!"

"तहान लागली वाटतं यांना," बाईसाहेब म्हणाल्या. "कुणीतरी पेला द्या हो!"

"दाबून धरा साहेब! सोडू नका! दाबून धरा!" एककलमी किंचाळले. साहेबांनी सगळा राग अंगठ्यात आणून बटण दाबून धरलं. फवारा थांबला. आणि सगळं घर झोपलं! दिवा गेला, बाहेरच्या दारासकट सगळ्या दारांना कुलपं लागली. आगीतून निघाले ते थेट फुफाट्यात!

"आता काय?" अंधारातून बायकोने विचारलं.

"सात! घर उठवायला सात! मी दाबतो!"

"मी दाबू का आतून?" साहेब ओरडले.

"नको साहेब!"

"काय? ऐकू येत नाही! दाबतो!"

एककलमी दाबू लागले, साहेबही दाबू लागले, आणि बाईसाहेबांनी अंधारात चाचपडत बटण शोधून काढलं आणि आपल्या यजमानांसाठी चार वेळा दाबलं. एकंदर अकरा झाले! अकरा म्हणजे काय, हे बावीस पानांत कुठेच ठरवलेलं नव्हतं. मग बटणाने स्वतःच ठरवलं. न्हाणीघरातला फवारा पुन्हा सुरू झाला आणि बैठकीतला टीव्ही पूर्ण आवाजात ओरडू लागला, "उद्या सर्वत्र हवामान कोरडं राहील!"

"कुणीही हात लावू नका!" बायको वर्गातल्या आवाजात गरजली. त्या आवाजाला सातवीची अख्खी तुकडी घाबरायची, साहेबही थांबले. स्वयंपाकघराला दारच नव्हतं. ती भिंत धरून तिथे गेली आणि तिने मेन स्विच खाली ओढला.

टीव्ही गप्प झाला. फवारा गळून गळून थांबला. वीजच नाही म्हटल्यावर सगळ्या कुलपांनी एकदम जीव सोडला.

"हे तुला कुणी शिकवलं?" एककलमींनी हळूच विचारलं.

"वायरमनने. पहिल्याच दिवशी. म्हणाला, ताई, हे मात्र शिकून ठेवा."

न्हाणीघराचं दार उघडल्याचा आवाज आला. पण मिट्ट काळोख! साहेब चाचपडतायत, बाईसाहेब हाका मारतायत, एककलमी माफी मागतायत. तेवढ्यात आईच्या खोलीतून उजेडाचा एक झोत आला आणि थेट साहेबांवर पडला. आई हातात बॅटरी घेऊन उभी होती. साहेबांच्या मिशांतून पाणी ठिबकत होतं.

आईने त्यांना टॉवेल दिला, खुर्ची दिली. साहेबांनी डोकं पुसलं. पुसता पुसता त्यांचा राग थोडा उतरला असावा. माणूस कडक होता, पण न्यायाला धरून चालणारा.

"एककलमी, मी नवखा होतो, घाईत होतो," ते म्हणाले. "माझं सोडून देऊ. ज्यांनी महिनाभर वापरलंय त्यांनाच विचारतो. आई, खरं सांगा, तुम्हाला हे बटण कसं वाटतं?"

दोन वर्षांची मेहनत आणि चार सहकाऱ्यांचं भवितव्य आता आईच्या जिभेवर होतं.

"छानच आहे हो!" आई म्हणाली. "महिन्याभरात माझी एकदाही चूक झाली नाही."

"तेच तर मलाही आश्चर्य वाटतंय! हे तुम्ही कसं साधलंत?"

"मी त्याला हातच लावत नाही ना!" आई आनंदाने म्हणाली. "उगाच माझं काही चुकायचं आणि याच्या मोबाइलवर दिसायचं. याच्या कामावर ठपका नको! उजेड आहे तोवर खिडकीशी वाचते, मग पडून राहते. रात्री उठावं लागलं तर ही बॅटरी आहे उशाशी. आज तेवढं पहिल्यांदा बोट लावलं, तुम्ही अडकलात म्हणून. पण एकदाच हो, अगदी हलकंसं!"

एककलमींना एकदम रडू आल्यासारखं झालं. महिनाभर आपली आई आपल्याच घरात संध्याकाळपासून अंधारात बसत होती, आणि आपण तो अंधार मोठ्या अक्षरांत छापून साहेबांना दाखवला! त्यांना स्वतःची अशी लाज वाटली की मान वर होईना.

साहेबांनी हात पुढे केला. "बघू ती बॅटरी."

आईने दिली. साहेबांनी बटण दाबलं. बॅटरी विझली. पुन्हा दाबलं, लागली. त्यांनी ती उलटसुलट करून पाहिली, एककलमींकडे पाहिलं आणि पुन्हा एकदा दाबून पाहिलं.

"हिला पुस्तिका आहे का हो काही?" त्यांनी आईला विचारलं.

"बॅटरीला? पुस्तिका कशाला लागतेय?"

साहेबांनी बॅटरी आईच्या हातात परत दिली आणि उठून उभे राहिले. "सोमवारी नऊला खालच्या मजल्यावर या, एककलमी," ते म्हणाले. "चौघांनाही आणा." मग बाईसाहेबांचा हात धरून, जपून, वाटेतल्या कुठल्याही भिंतीला हात न लावता ते जिना उतरले.

दार लोटून एककलमी तिथेच उभे राहिले. आई पाय ओढत जवळ आली. लेकाच्या पाठीवर हात ठेवून तिने अगदी हळू आवाजात विचारलं, "काय रे, नीट बोलले ना मी? तुझं काम झालं ना?"

"झालं, आई," एककलमी म्हणाले. "कायमचं झालं."