झुलालच्या दहा गोळ्या

"सुभेदारसाहेब, मना कार्डले भोक एकच पडी! पहिली गोयी जठून जाई, बाकीन्या नऊ बी तठूनच!"

झुलालनं साऱ्या पलटणीदेखत असं ठणकावून सांगितलं, तेव्हा सुभेदार जीवरामांनी मिशीला नुसता हात लावला. बढाई तशी पोकळ नव्हती. झुलाल साक्रीकडच्या डोंगरातला. लहानपणी शेतातल्या माळ्यावर बसून गोफणीनं पाखरं उडवलेली. जळगावच्या कॉलेजात आला, तिथल्या विद्यार्थ्यांच्या लष्करी पलटणीत त्याच्या हाती रायफल पडली आणि त्याच्या तोडीचा नेम दुसऱ्या कुणाचा उरला नाही.

साल १९४६. हिंदुस्थानातल्या साऱ्या कॉलेजांची रायफल स्पर्धा त्या वर्षी टपालानं व्हायची होती! म्हणजे ज्यानं त्यानं आपल्याच गावी, सरकारी साक्षीदारासमोर, जाड कागदाच्या कार्डांवर दहा-दहा गोळ्या झाडायच्या आणि कार्डं लाखेनं मोहोरबंद करून दिल्लीला धाडायची. संघ चौघांचा. ऐन वेळी त्यातल्या पंडितला हिवताप भरला, तेव्हा झुलालनं आपल्या खोलीतल्या कौतिकला पुढं ढकललं.

कौतिक एदलाबादकडचा. इतका भिडस्त, की खानावळीत मीठ मागायला लाजायचा आणि आळणी भाजी खाऊन उठायचा.

"अरे, माह्यानं नाही होनार!"

"तू नुसता पडी ऱ्हाय. जिंकानं मी पाही लेसू!"

सामन्याच्या सकाळी मेहरूण तलावापलीकडच्या माळावर ही गर्दी! प्रिन्सिपॉल आले, साक्षीदार म्हणून मामलेदारसाहेब आले आणि कौतिकची आई ताईबाईही कळण्याच्या भाकरी नि भरीत बांधून आली. ती जळगावला आली की झुलालला पोटच्या पोरासारखं जेवू घाली. "माह्या कौतिकले सांभाय रे बापा," एवढंच ती म्हणाली.

झुलाल दोन नंबरच्या सतरंजीवर पालथा पडला, कौतिक तीन नंबरच्या. पालथं पडताना अंग थोडं तिरकं ठेवायचं असतं. झुलालनं ते ऐटीत जरा जास्तच तिरकं ठेवलं. प्रेक्षकांना आपली बाजू दिसावी म्हणून! समोर कार्ड दिसलं. श्वास रोखला. दहा गोळ्या लोण्यात सुरी जावी तशा गेल्या. शेजारी कौतिकची रायफलही ठो-ठो करत होती. कार्डांमागच्या मातीच्या बांधाजवळच्या बाभळीला सुभेदारांची पाण्याची छागळ टांगली होती, ती मधेच कारंज्यासारखी उडू लागली!

कार्डं आणली गेली. मामलेदारांनी चष्मा पुसला.

"नंबर तीन, कौतिक. शंभरापैकी अठ्ठ्याण्णव!"

टाळ्यांनी माळ दणाणला. ताईबाईनं पदर डोळ्यांना लावला.

"नंबर दोन, झुलाल…" मामलेदारांनी कार्ड उलटसुलट करून पाहिलं. "एक गोळी. कोपऱ्यात."

"बोलल्याप्रमाणे भोक एकच पडलं की!" सुभेदार गरजले. "बाकीच्या नवांनी माझी छागळ फोडली काय रे?"

झुलालच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. आपण तिरके पडलो, समोर आलं ते शेजारचं कार्ड! त्या दहा गोळ्या आपल्या. कोपऱ्यातलं भोक कौतिकचं, छागळही कौतिकचीच! त्यानं तोंड उघडलं. नेमक्या त्याच तोंडात ताईबाईनं साखरेची चिमूट घातली. "तुह्यामुयेच माह्या पोऱ्यानं नाव काढलं!"

आता काय सांगणार? त्यानं साखर गिळली, शब्दही गिळले. मोहोरबंद पाकीट दिल्लीला गेलं.

महिन्याभरानं तार आली. कौतिक साऱ्या हिंदुस्थानात दुसरा! पहिल्या दहांनी दिल्लीला येऊन समक्ष नेम दाखवायचा. प्रिन्सिपॉलनी हार घातला, एदलाबादला गूळ वाटला गेला आणि छागळफोड्या झुलालला पोरं रस्त्यात पाणी मागू लागली!

"कौतिकचा रोज सराव करून घे," सुभेदार झुलालला म्हणाले. "आणि तूही काहीतरी शीक त्याच्याकडून!"

मग रोज दुपारी दोघं माळावर. आठ दिवसांत कौतिकनं बांध सोडून सगळीकडे गोळ्या मारल्या. नवव्या दिवशी झुलाल मटकन खाली बसला.

"कौतिक, आते सांगनंच पडी. त्या दहा गोया मन्या व्हत्या. मी चुकीसन तुना कार्डवर मार्‍यात."

कौतिक रायफलीची नळी पुसत राहिला. "मले माहीत हाये."

"काय? कधळपासून?"

"त्याच दिवसापासून. मी दोन्ही डोये मिटून मारत व्हतो. मंग अठ्ठ्यान्नव कसे येतीन?"

"मग बोलना का नहीस रे, भल्या मानसा?"

"तुह्यासारखा नेमबाज दुसऱ्याच्या कार्डावर मारतो, हे मी कोन्या तोंडानं सांगू? लोक तुले हसले असते. म्हनलं, तूच सांगशीन कधी तरी."

पोरगा दिल्लीपर्यंत जाऊन फजीत व्हायला तयार होता, पण मित्राचं हसं होऊ द्यायला तयार नव्हता! दोघं उठून तडक एदलाबादला ताईबाईकडे गेले. तिनं सगळं ऐकलं आणि लेकाचा कान धरला. "म्हंजे छागय तूच फोडली! अन बोलनं या पोऱ्यानं खाल्लं? पाय धर त्याचे!" झुलालनं कशीबशी त्याची सुटका केली.

परत येऊन सुभेदारांना सांगितलं, तेव्हा त्यांनी मात्र खाडकन सलाम ठोकला. "खरं बोललात. शाब्बास! दिल्लीला लिहून टाका."

प्रिन्सिपॉलच्या सहीनं लांबलचक पत्र गेलं. घडलं तसं सगळं त्यात लिहिलं, तिरकं पडणंसुद्धा.

पंधरा दिवसांनी उत्तर आलं. सुभेदारांनी ते सगळ्यांपुढं मोठ्यानं वाचलं. नियमाप्रमाणे दोघांचेही गुण शून्य. कॉलेजचा नंबर शेवटचा. झुलालनं मान खाली घातली, तरी मनावरचं ओझं उतरलं होतं. चला, संपलं एकदाचं! दिल्लीतच मिटलं, इथल्या पलटणीपलीकडे कुणाला कळायला नको!

"थांबा, खाली अजून आहे," सुभेदार म्हणाले. "'आपल्या विद्यार्थ्यांचा प्रामाणिकपणा अनुकरणीय आहे. सबब त्यांचे संपूर्ण पत्र, नावांसह, स्पर्धेतील सर्व कॉलेजांच्या फलकांवर लावण्याची आज्ञा करण्यात आली आहे.'"

सुभेदारांनी पत्राची घडी घातली.

"झुलाल," कौतिकनं हळूच विचारलं, "लाहोरले बी आपलं पत्र लागलं असन का रे?"